बाबांचं गुणगुणणारं मशीन

आधी माफी मागतो. आमच्या घरात अर्जापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. मी नांदेडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पण तेवढ्यानं स्वतःच्या वडिलांबद्दल लिहायचा हक्क मिळतो असं मला वाटत नाही. विषयही विचित्र आहे. जमिनीतला धातू शोधायची दोन मशीनं, एक जुनं आणि एक नवं. दुसरं कुणी हे लिहिणार नाही, म्हणून लिहितो.

आमचं गाव किल्लारीच्या बाजूला. म्हणजे नवं गाव, भूकंपानंतर सरळ रस्ते आखून वसवलेलं. जुनं गाव तिथून अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. तिथं काळ्या दगडांचे ढीग आणि वेड्या बाभळी, बाकी काही नाही. भूकंप झाला तेव्हा बाबा दहा वर्षांचे होते आणि मामाच्या गावाला गेले होते. आजोबा शेतात राखणीला होते. घरात आजी होती आणि बाबांची चार वर्षांची बहीण, माझी आत्या. दोघी गेल्या.

आत्याचा एकही फोटो नाही. तिच्या बारशाला मामानं पितळेचा तांब्या दिला होता आणि रिवाजाप्रमाणे त्यावर ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव घातलं होतं. बाबा त्याच वर्षी शाळेत जायला लागले होते. त्या नावावर बोट फिरवून ते अक्षरं लावायला शिकले. तिचं नाव लिहिलेली दुसरी कुठलीच वस्तू आमच्याकडे नव्हती, आणि बाबांना तो तांब्या पाहिजे होता. त्यांनी हे मला माझी बारावी झाल्यावर सांगितलं, तेही दुसरीकडे बघत. बाकी कुणाला ते सांगायचे नाहीत. चार पोरांचा बाप तांब्यासाठी माती उकरतो, हे सांगायला त्यांना लाज वाटायची.

आजोबा असेतोवर जुन्या गावात पाऊल टाकू द्यायचे नाहीत. ते गेल्यावर बाबांनी उदगीरच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून मशीन बनवून घेतलं. प्लास्टिकचा पाईप, खाली चिकटपट्टी गुंडाळलेली तारेची चकती, वर लाकडी डबा, एक बटण, जुन्या रेडिओचा स्पीकर. चालू केलं की ते बारीक गुणगुणायचं. खाली धातू आला की आवाज वर चढायचा. ऊन वाढलं की तो आपोआप सरकायचा, मग बटण केसभर फिरवून पुन्हा जागेवर आणावा लागे. बाबा ते बोटांनी नाही, कानानं करायचे. आवाजावरूनच सांगायचे, "ही कडी हाय दाराची." उकरलं की कडीच निघायची. कधी विळा, कधी खिळे, कधी बैलाच्या गळ्यातली घंटी. निघालेली प्रत्येक वस्तू कुणाच्या घरातली हे त्यांना ठाऊक असे. पुसून ती परत तिथंच ठेवायचे.

गावातले लोक हसायचे. "काय मालक, निघाला का हंडा?" कुणीतरी ओरडायचं. बाबा म्हणायचे, "निघाला की. तुला बोलवणारच होतो."

गेल्या दिवाळीत मी कॉलेजातल्या एका मित्राच्या भावाकडून नवं डिजिटल मशीन दोन दिवसांसाठी मागून आणलं. त्याच्या पडद्यावर आकडा येतो. लोखंडाचा वेगळा, पितळेचा वेगळा. घरातल्या एका पितळी तांब्यावर धरून मी आकडा बघून ठेवला होता. मला खरंच वाटलं होतं की आता हे काम संपेल.

जुन्या घराच्या जागेवर मी ते फिरवू लागलो. मशीन गप्प.

"बंद पडलंय का?" बाबांनी विचारलं.

"न्हाई, चालू हाय. लोखंड दाखवू नको म्हणून लावलंय."

"का? लोखंडानं काय केलंय तुझं?"

मी सगळं चालू केलं. मग ते खिळ्यांवर वाजलं. पण चुलीच्या भिंतीजवळ, जिथं बाबांचं मशीन सगळ्यात जास्त ओरडायचं, जिथं त्यांनी कंबरभर खड्डा केला होता, तिथं नव्या मशीननं काहीच दाखवलं नाही. मी तीनदा फिरवलं. मग मला सांगावं लागलं. आपल्या काळ्या दगडातच लोखंडाचा अंश असतो, जुन्या मशीनला तो वेगळा ओळखता येत नाही, म्हणून ते दगडावरही वाजतं.

"म्हंजे इतकी वर्षं ते दगडावर बोलायलं व्हय?"

"हाव."

बाबा खड्ड्याच्या काठावर बसले. मग म्हणाले, "वापस देऊन टाक ते. लई शहाणं हाय."

दुसऱ्या दिवशी ते जुनंच मशीन घेऊन गेले. मी सोबत गेलो, पण आता मला त्या आवाजात दगडच ऐकू येत होते. त्यांना ते मशीन का आवडतं हे मला त्या दिवशी कळलं. नव्या मशीनच्या गप्प बसण्याचा अर्थ 'नाही' असा असतो. जुनं मशीन कधी गप्पच बसत नाही. मी हे चूक की बरोबर ते सांगू शकत नाही. मला फक्त वाटलं की मी ते नवं मशीन आणायला नको होतं.

या फेब्रुवारीत आजोबांची बहीण डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नांदेडला आली. मी दवाखान्यात डबा घेऊन गेलो. डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात खिचडीची वाटी, आणि तोंड नेहमीसारखं चालू.

"तुजा बाप अजून सोनं हुडकायलाय का रं? आमच्या उदगीरला सुदिक नाव झालंय त्याचं."

मला राग आला. बाबांनी कुणाला सांगू नको म्हटलं होतं, तरी मी बोललो. "सोनं न्हाई, आजी. तांब्या हुडकायलेत. आत्याच्या नावाचा."

तिनं वाटी खाली ठेवली.

"मामानं दिलेला?"

"हाव."

"आरं देवा. त्यानं इचारायचं तरी मला." ती पट्टीवरून हात फिरवत राहिली. मग सावकाश सांगायला लागली. "मिल्ट्रीवाल्यांनी ढिगाऱ्यातली भांडी काढून मैदानात मांडली व्हती. एकजण भांड्यावरलं नाव वाचायचा, ज्याचं असंल त्यानं उठून न्यायचं. लई नावाला कुणीच उठत नव्हतं. तिचं नाव घेतलं आन् तुजा आजा उठला. सांजपतूर मांडीवर घिऊन बसला. आठ दिसांनी लातूरला नेला आन् मोडीत घातला. बादली आणली त्याच्या बदली. मी म्हणलं, दादा, आसं का केलंस रं? तर म्हणला, पोरगं वाचाया शिकलंय. रोज वाचंल."