कळण्याच्या भाकरीवर बारा गाड्या

सुपडू आप्पांना कुठलीही नवी वस्तू दाखवा, ते आधी तिच्याभोवती एक चक्कर मारत, मग तिला हलकेच खांदा लावून बघत आणि निकाल देत, "ओढता येईल." आमच्या बाबांनी ट्रॅक्टर घेतला तेव्हा सगळे पेढे खाऊन गेले. आप्पा मात्र मागच्या चाकाला टेकले, जरा जोर करून पाहिला आणि म्हणाले, "भारी आहे, पन ओढता येईल." माझं लग्न ठरलं आणि नवरामुलगा पहिल्यांदा घरी आला, तेव्हा त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला जरासं दाबून बघितलं. मग आत येऊन माझ्या आईला सांगितलं, "वहिनी, पोरगा हलका आहे. आपल्या पोरीले ओढाले सोपा." ते शंभर टक्के खरं ठरलं, पण तो विषय वेगळा.

दापोऱ्याच्या पुढे तापीकाठी आमचं गाव. आप्पांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून जन्मल्याबरोबर आजीनं त्यांना सुपात घातलं आणि सुपडू नाव ठेवलं. "सुपात मावलो तो तेवढाच एक दिवस," असं आप्पाच सांगत. खरंच, पुढे ते दारातही जेमतेम मावत. केळीचा मोठ्यातला मोठा घड ते उशीसारखा खांद्यावर टाकून बागेतून बाहेर येत. आणि गावात त्यांना मान होता तो खंडेरावाचे भगत म्हणून.

बाहेरगावच्या वाचकांना बारागाड्या म्हणजे काय ते सांगायला हवं. चैत्रातल्या जत्रेला बारा बैलगाड्या एकीमागे एक बांधतात. बैल एकही नाही. वर माणसं खच्चून बसतात, आणि पहिल्या गाडीचं जू धरून हळदीनं पिवळा झालेला भगत ती सगळी माळ देवळापर्यंत ओढत नेतो. दोन माणसं त्याला दोन्ही बाजूंनी सावरायला असतात. गाव म्हणतं, देव अंगात येतो आणि तोच ओढतो. आप्पांना विचारलं तर ते मान डोलवत. "देवच ओढतो. पन मांड्या माह्याच वापरतो ना!"

या मांड्या कशावर पोसल्या होत्या, ते गावाला ठाऊक होतं. दर बुधवारी आणि रविवारी आप्पांच्या मागच्या अंगणात लिंबाखाली चूल पेटे, आणि आप्पा स्वतः मटण रांधत. स्वतः रांधत, कारण गोदाकाकू माळकरी. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ माहेरूनच आलेली. अंगणातली चूल वेगळी, भांडी वेगळी, पाण्याचा हंडा वेगळा. बाकीच्या दिवशीही आप्पांची मासळी नाहीतर अंडी त्याच चुलीवर. जेवून झालं की आंघोळ केल्याशिवाय आप्पांनी घरात पाऊल टाकायचं नाही, असा नेम होता आणि तो आप्पांनीच स्वतःला घातला होता. काकू आत, आप्पा बाहेर. दोघांचं भांडण कधी ऐकलं नाही, पण जेवताना दोघं एकत्र बसलेलीही कोणी पाहिली नव्हती.

एका रविवारी दुपारी काकू तापानं आत पडल्या होत्या. त्यांनी पाणी मागितलं. आप्पांचे हात मसाल्यात. आता काकूंच्या माठाला हात लावायचा तर आधी आंघोळ हवी, म्हणून हा बाप्या धावत न्हाणीत गेला. अंगावर घाईघाईनं पाणी ओतून ओलेत्यानं आत येतो, तर काकू स्वतःच उठलेल्या, भोवळ येऊन माठाशी पडलेल्या, आणि उजवं मनगट मोडलेलं. बऱ्हाणपूरला दवाखान्यात प्लास्टर घातलं. घरी आल्यावर त्यांनी अंगणातलं पातेलं तसंच उचलून शेजाऱ्याला दिलं आणि म्हणाले, "आजपासून बंद. बायकोले पानी द्याले ज्याले आंघोळ लागते, तो कसला नवरा?"

काकू नको नको म्हणत होत्या. त्यांनी जन्मात कधी आप्पांना सोडा म्हटलं नव्हतं. पण आप्पांचं एक वाक्य ठरलेलं होतं. वाद वाढला की ते टाकायचे आणि उठून जायचे: "गाडी बोलून नही हालत." तेच टाकलं आणि विषय मिटवला.

मी तेव्हा बऱ्हाणपुरात एका शाळेत विज्ञान शिकवत होते, अजूनही शिकवते. दिवाळीला माहेरी आले आणि आप्पांना पाहून दचकलेच. सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. बागेत केळीचा घड खांद्यावर घ्यायला गेले तर तो अर्ध्यावरच राहिला. त्यांनी तो खाली ठेवला, बांधावर बसले आणि मला म्हणाले, "पोरी, देव गेला वाटते माह्या अंगातून."

"देव राहू द्या, आधी पोटात काय जातं ते सांगा."

आप्पांनी सांगायला सुरुवात केली. सकाळी साबुदाण्याची खिचडी. दुपारी केळी, म्हणजे बागेतून निघेपर्यंत दिसतील तितकी. संध्याकाळी रताळं किंवा बटाटा. शनिवारी बाजाराला गेलं की बऱ्हाणपूरची मावा जिलेबी.

"आप्पा, तुम्ही मटण सोडलं की जेवण सोडलं?"

"आता मटन सोडलं मतलब उपासच झाला ना?" आप्पा निरागसपणे म्हणाले. "तुही काकू उपासाले जे खाते, तेच मी खातो. तिची तर तब्येत कशी टुणटुणीत!"

मला हसावं की रडावं कळेना. अहो, काकू एकादशीला जे खात ते हे रोज खात होते! केळीच्या मुलखातला हा गडी केळ्यावर पहिलवानकी टिकवायला निघाला होता. मग घरी आल्यावर मी वर्गात शिकवते तसं त्यांना शिकवलं. केळ्यानं दम मिळतो, पण मांडी बांधायला प्रथिनं लागतात. ती मटणात होती, आता दुसरीकडून आणायची. डाळी, हरभरा, शेंगदाणे, दूध, दही. तेही सणासुदीला नाही, दोन्ही वेळच्या जेवणात. नुसत्या धान्यात असतात ती थोडी आणि अपुरी. धान्याला डाळीची जोड मिळाली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं.

काकू हात गळ्यात बांधून उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मंग कळण्याच्या भाकरीत काय कमी आहे व?"

मी कपाळावर हात मारला. ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेलं ते कळण्याचं पीठ आमच्या घराघरांत असतं. धान्य आणि डाळ एकाच भाकरीत! काकूंनी लगेच यादीच सुरू केली. तुरीची डाळ भिजवून, भरडून वाफवलेले फुणके. उडदाची डाळ. मोडाची मटकी. फुणक्यांबरोबर ताकाची कढी. सगळं त्यांच्याच चुलीवरचं. फक्त आप्पा आजवर त्या चुलीपाशी फिरकले नव्हते.

अडचण एकच होती. काकूंचं मनगट. ते पुढेही पहिल्यासारखं वळेना, म्हणून भाकऱ्या आप्पांनी थापायला घेतल्या आणि काकू समोर बसून हुकूम सोडू लागल्या. बारा गाड्या ओढणाऱ्या हाताखाली भाकरी टिकेना. पहिली परातीतच फाटली, दुसरी तव्यावर दुमडली. "जोर नका लावू, ती गाडी नही," काकू म्हणायच्या, आणि रविवारी माहेरी आले की मी भिंतीआडून खुशाल हसायची. डाळी एकदम वाढवल्यामुळे पहिले काही दिवस आप्पांच्या पोटात ढोल वाजत होते. मी सांगितलं, बेतानं वाढवा, भिजवून खा. तेही त्यांनी ऐकलं. हळूहळू भाकरी गोल झाली आणि आप्पाही पुन्हा पहिल्यासारखे गोल होऊ लागले. सकाळी भिजवलेले हरभरे खाऊन ते शेतात रिकामी गाडी ओढायचे, मग त्यात दगड टाकून ओढायचे.

एकदा मला म्हणाले, "इतले वरीस झाले लग्नाले, पन मले मालूम नव्हतं, तुही काकू डोळे मिटून घास चावते. समोर बसलो तं दिसलं." हे सांगताना आप्पा चक्क लाजले.

गाव मात्र धास्तावलं होतं. देवळातली जाणती मंडळी एक दिवस ओट्यावर येऊन बसली. जत्रेपुरतं तरी खा, म्हणाली. गाड्या अडल्या तर देवाचा कोप, गावाची अब्रू जाईल, आणि मग मान तुळशीरामाला द्यावा लागेल. हा तुळशीराम आप्पांना बाजूनं सावरणाऱ्या दोघांपैकी एक, चांगला दणकट गडी. मान जाण्याचं आप्पांना फार वाटलं नसतं. पण उठता उठता एकजण बोलून गेला, "बाईच्या नादी लागून भगतानं घास सोडला. उद्या काही झालं तं तिच्याच डोक्यावर जाईल." काकूंनी ते आतून ऐकलं. त्यांनी आप्पांना पहिल्यांदाच म्हटलं, "खा ना बापा, माह्यासाठी खा." आप्पा म्हणाले, "तुह्यासाठीच नही खात." आता गाड्या हलायलाच हव्या होत्या. नाहीतर त्या बाईला गावानं जन्मभर बोल लावला असता.

जत्रेच्या दिवशी गाड्यांवर कधी नव्हे एवढी माणसं चढली. डाळ खाणारा भगत बघायला आसपासच्या गावांतून लोक आले होते. भंडारा उधळला, येळकोटाचा गजर झाला. आप्पांनी जू धरलं, जोर लावला.

गाड्या हलल्या नाहीत.

दुसऱ्यांदा जोर लावला. चाक जागचं सरकेना. गजर थांबला. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "मटनाबिगर कुठं गाडी हालते?" आणि दुसरा, मुद्दाम ऐकू जाईल असा, "बाईनं वाटोळं केलं." मी आणि काकू आमच्या ओट्यावर उभ्या होतो. गाड्यांवर बायका बसत नसत, त्यांनी लांबून बघायचं. काकूंनी पदर पुढे ओढला आणि त्या आत जायला वळल्या.

आप्पांनी जू खाली ठेवलं. सगळ्यांना वाटलं, संपलं. ते गर्दीतून सरळ आमच्या ओट्यापाशी आले. आजवर चारचौघांत त्यांनी काकूंना नावानं हाक मारली नव्हती. आता मारली.

"गोदा, चाल. गाडीवर बस."

"मी? बायका नही बसत."

"काहून नही बसत? जिच्या भाकरीवर मी उभा आहे, तिलेच खाली ठिऊ?"

देवळातले एक म्हातारबुवा काही बोलायला पुढे आले. आप्पांनी त्यांना हात जोडले. "दादा, गाडी बोलून नही हालत. बाजूले व्हा." काकूंना त्यांनी दंड धरून नेलं आणि पहिल्या गाडीवर, बरोबर आपल्या पाठीशी बसवलं. दोन्ही हातांनी त्यांनी गाडीचा दांडा धरला होता, मोडलेल्या मनगटानंसुद्धा.

आप्पांनी मातीत पाय रोवले. मान खाली घातली. मांडीच्या शिरा मला ओट्यावरून दिसत होत्या. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग पहिल्या गाडीचं चाक करकरलं. दुसरीचं करकरलं. बाराही गाड्यांनी एकेक करून आवाज दिला, आणि ती सगळी माळ जी निघाली ती देवळापुढेच जाऊन थांबली! मी, शाळेतली बाई, पदर खोचून गाड्यांबरोबर बोंबलत पळाले. ज्यांनी टोमणे मारले होते तेही पळत होते. त्यांचा गजर सर्वांत मोठा होता.

देवळाच्या पायरीवर आप्पा धापा टाकत बसले. काकू खाली उतरल्या. आप्पा म्हणाले, "जड झाली व तू!"

"डाळ मी पन खाते ना," काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि त्या हसत होत्या.

त्यानंतर कितीतरी जत्रांना आप्पांनीच गाड्या ओढल्या, दर खेपेला काकूंना पाठीशी बसवून. गेल्या पौषात ते गेले. काकूंसमोर बसून जेवले, ओट्यावर येऊन टेकले, आणि तिथेच शांत झाले. त्यांना खांदा द्यायला सगळं गाव होतं, तरी तुळशीराम म्हणाला, "आप्पा कोनाले ओढता येनार नही."

या चैत्रात मान तुळशीरामाचा होता. माघापासून तो रोज सकाळी काकूंच्या ओट्यावर येऊन बसे, आणि काकू त्याला कळण्याची भाकरी वाढत. जत्रेच्या दिवशी काकू पांढऱ्या कपाळानं आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात उभ्या होत्या. तुळशीराम हळदीनं माखलेला, सरळ चालत आला आणि म्हणाला, "काकू, चला. गाडीवर बसा." कोणीतरी कुजबुजलं, विधवा बाई देवाच्या गाडीवर कशी बसवायची? तुळशीरामानं मागे वळूनही पाहिलं नाही.

"गाडी बोलून नही हालत," तो म्हणाला.

काकूंनी माझा हात सोडला, चष्मा पुसला आणि त्या पहिल्या गाडीवर जाऊन बसल्या. तुळशीरामानं जू धरल्यावर त्या पुढे वाकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ओढ रे बाबा बिनघोर. पन आधीच सांगून ठेवते, मी जड आहे. रोज डाळ खाते."