मानसिंगच्या स्टेपन्या

स्टेपनीचा नियम सन्मतीनं स्वतःच काढला. पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

खेळ साधा. सन्मती गोष्ट सांगणार, खेळणारे त्यातला एकेक माणूस चालवणार, आणि तो जगला का मेला ते फासे ठरवणार. आपला माणूस मेला की मानसिंग आठवडाभर तोंड पाडून बसायचा. म्हणून सन्मती म्हणाला, "प्रत्येकानं एक जादा माणूस तयार ठेवायचा. गाडीला स्टेपनी असते तसा."

मानसिंगनं चार ठेवले. सगळे पहिल्याचे सख्खे धाकटे भाऊ.

"आमच्यात थोरला कामी आला की धाकटा भरती हुतो," तो म्हणाला. साताऱ्याकडचा गडी, घरात तीन पिढ्या फौजेत. त्याला कोण समजावणार?

त्यात आजचा रविवार शेवटचा. दुसरा खेळणारा जयराज, विट्याचा. तो उद्या सकाळी मामाच्या सोनं गाळायच्या दुकानात केरळला निघणार होता. सन्मतीच्या सांगलीतल्या घराच्या माळ्यावर, हळदीच्या पोत्यांवर बसून दीड वर्ष रंगवलेली गोष्ट आज संपवायचीच, असं सन्मतीनं मनाशी धरलं होतं. तेही दिवस मावळायच्या आत, कारण त्याचं घर जैन, अंधार पडल्यावर जेवत नाहीत, आणि जिन्याखालून आईची हाक आली की खेळ बंद.

राक्षसाचा किल्ला दिसताच थोरल्यानं मागचापुढचा विचार न करता खंदकात उडी घेतली. गेला. दुसरा "दादाचा बदला!" म्हणत बंद दारावर धावला. गेला. तिसऱ्याला तर आधी सुतक पाळायचं होतं.

"सुतक कसलं रे! राक्षस समोर उभाय!" सन्मती ओरडला.

"सख्खं भाव गेल्यात. मानसं हाय का न्हाई आमी?"

जयराज पोत्यावर लोळून हसत होता. सन्मतीला फासे कुणाच्या तरी टाळक्यात घालावेसे वाटत होते.

तिसरा गेला, चौथा तटावरून पडला. आता राक्षसासमोर जयराजचा जखमी माणूस एकटा.

"उतरव तुझा धाकटा," सन्मती घाईनं म्हणाला. "दोघं मिळून हाणा, संपलं."

मानसिंगनं धाकट्याचा कागद खिशात घातला. "ह्यो जाणार न्हाई."

"अरे, चार भाऊ मारलेस की आत्ता!"

"म्हणूनच. आयजवळ एक तरी पोरगं नको व्हय?"

"कुठली आई? गोष्टीत आईच नाही!"

"मग पाच पोरं काय आभाळातनं पडली?"

ही हुज्जत चालू असतानाच खालून सन्मतीची आई, पद्मावतीकाकू, ओरडल्या, "सन्मती, ताटं वाढलीत!"

"आई, एकच डाव!"

"दिवस काय तुझ्यासाठी थांबणाराय?"

"माझा हात राहिला की रं," जयराज म्हणाला.

"तिकडं पोचल्यावर टाक फासे. फोनवर सांग किती पडले ते," सन्मती म्हणाला.

"कमी पडलं तर मी काय खरं सांगणार हाय व्हय, गड्या?"

जयराज केरळला गेला. राक्षस अजून हात उगारून उभा आहे. मानसिंग दर रविवारी विचारतो, "तवर धाकट्याचं लगीन उरकू का?" आणि जयराजचा तो एक डाव सन्मतीच्या अंगावर तसाच बाकी आहे.