भिंतीकडे तोंड करून चहा

ती घटना सांगायला घेतली की बायको आधी रक्तदाबाची गोळी माझ्यापुढे ठेवते. ठेवू दे. राग कमी होण्यासारखा नाहीच.

निपाणी भागातल्या एका ठाण्याचा मी प्रमुख होतो. दिवेलागणीला सदलग्याच्या रस्त्यावर एका टेम्पोने वैरणीचा भारा घेऊन कडेने चाललेल्या शेतकऱ्याला उडवले. माणूस जागीच गेला. टेम्पोवाला शहापूरच्या विणकर घरातला, साड्यांचे गठ्ठे पोचवायला निघालेला. तो पळाला नाही. पंचनामा झाला, वैद्यकीय तपासणी झाली. दारूचा थेंब नव्हता. जबाबात त्याचे एकच पालुपद होते.

"समोरनं पांढराफेक उजेड आला, साहेब. डोळ्यावर हात धरला, तवर आवाज झाला."

समोरच्या गाडीचा ना नंबर, ना साक्षीदार, ना ओरखडा. गाव म्हणाले, झोपला असेल. मयताची बायको ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "त्येला सोडू नगासा." हा गडी खोटे बोलत नसेल तर? कोठडीत त्याच्याकडे बघताना मला तोच प्रश्न छळत होता.

दुसऱ्या संध्याकाळी घटनास्थळी गेलो. जवळच्या चहाच्या टपरीवर सगळी गिऱ्हाइके रस्त्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"का आप्पा, भिंतीवर सिनेमा लागलाय व्हय?" मी टपरीवाल्याला विचारले.

"सिनेमा रस्त्यावर येतोय, साहेब. रोज ह्या टायमाला. कंत्राटदाराची गाडी. तिचं दिवं डोळ्यात गेलं की कपात साखर का मीठ, कळत न्हाय."

कंत्राटदाराला गाडीसकट ठाण्यावर बोलावले. आला तो चकाचक गाडी घेऊन. मूळचे दिवे कमी पडले म्हणून खाली चार जादा बसवलेले. त्या वेळी त्या रस्त्यावर नव्हतोच, असे तो ठामपणे म्हणाला. मी चहा मागवला आणि दिव्यांची तोंडभरून स्तुती सुरू केली. असले उजेड आमच्या खात्यालासुद्धा मिळत नाहीत, म्हणालो. गडी फुलला.

"समोरचा आपोआप बाजूला होतोय, साहेब. परवा तर त्या टेम्पोवाल्यानं डोळ्यावर हातच धरला."

मी कप खाली ठेवला. ही गोष्ट जबाबाबाहेर कुणालाही माहीत नव्हती.

"हात दिसला. मग दिवे खाली का केले नाहीत?"

मी त्याला अंगणात नेले, गाडीत बसवले आणि म्हणालो, आता करून दाखव. त्याने एक दांडी ओढली, वायपर फिरले. दुसरी ओढली; काचेवर पाण्याची पिचकारी. हॉर्न वाजला, गाणे लागले. दिवे तसेच माझ्या तोंडावर. दोन वर्षे गाडी वापरणाऱ्या या शहाण्याला दिवे खाली कसे करतात हेच ठाऊक नव्हते. शिपाई हसले. मला त्याची गचांडी धरावीशी वाटली. धरली नाही, जबाब लिहून घेतला.

दोषारोपपत्रात मी दोघांचीही नावे घातली. कंत्राटदाराच्या वकिलाने कोर्टात विचारले, माझ्या अशिलाने कुणाला स्पर्श तरी केला का? टेम्पोवाला सुटला. कंत्राटदाराला जादा दिव्यांचा दंड झाला, तो भरून तो जेवायला गेला.

नोकरीत मी सुरे, कुऱ्हाडी, गावठी पिस्तुले जप्त केली. त्यांच्या मालकांना आपल्या हातात काय आहे हे निदान माहीत असायचे. हल्ली लोक हजारो मेणबत्त्यांचा उजेड दुसऱ्याच्या डोळ्यांत ओततात आणि आत गाणी ऐकत बसतात. कुणाचे काही बिघडते हे त्यांच्या गावीही नसते.

निकालानंतर मयताची बायको ठाण्यात आली. टेम्पोवाल्यावर आता राग नाही, एवढे त्याला कळवा म्हणाली. मग विचारले, "त्या दुसऱ्याला दिसत हुतं न्हवं? मग दिवं का कमी केलं न्हाईत?"

"त्याला कसे करायचे तेच येत नव्हते, आक्का."

तिने पदर सावरला.

"मग त्येला लायसन कुणी दिलं?"

मी खुर्चीवरून उठलो आणि टोपी काढून हातात घेतली.