बटणांचा नकाशा

माझी नोकरी काय आहे हे लोकांना समजावून सांगण्यात माझी निम्मी नोकरी गेली. मी टीचर, पण मला वर्ग नव्हता. सरकारी शाळांत जी आंधळी मुलं डोळस मुलांबरोबर बसून शिकत, त्यांच्यासाठी मी आठवडाभर शाळाशाळांतून फिरायचे. सोमवारी एक शाळा, मंगळवारी दुसरी. खांद्याला पिशवी, पिशवीत ब्रेलची पाटी, टोचा आणि जाड कागद. नव्वदीच्या त्या वर्षांत आमच्या भागात हा प्रकार कुणी पाहिलेला नव्हता. मी शाळेत शिरले की हेडमास्तरांना वाटायचं, वरून तपासणीला कुणीतरी आलंय. लगेच चहा यायचा. मी कशाला आलेय ते कळलं, की पुढच्या आठवड्यापासून चहा बंद.

चामराजपेटेतल्या माझ्या मंगळवारच्या शाळेत सातवीत एक मुलगी होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. घर आमच्यासारखंच, म्हणजे तीनेकशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेमागोमाग बंगळूरला आलेलं आणि परत जायचं राहून गेलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. वडील शिंपी. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. मी त्यांना अण्णा म्हणायचे आणि ते मला अक्का. ते माझ्याहून चांगले पंधरा वर्षांनी मोठे होते, पण टीचर म्हटल्यावर अक्काच.

सातवीनंतर हायस्कूल. मुलींचं सरकारी हायस्कूल त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतं. तिथल्या हेडमिसला मी भेटायला गेले. बाई भूगोलाच्या, शिस्तीच्या, आणि मनाने वाईट मुळीच नव्हत्या. तेच तर दुखणं होतं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्या म्हणाल्या, "पोर हुशार आहे, मान्य. पण माझ्याकडे नकाशे आहेत, भूमिती आहे. ती नुसती बसून राहील. त्यापेक्षा आंधळ्या मुलींच्या हॉस्टेलात घाला, तिथं तिच्यासारख्याच असतात." ते हॉस्टेल बसने आठ तासांवर होतं.

मी म्हटलं, "आणि तिने नकाशा दाखवला तर?"

"तर घेते," बाई म्हणाल्या. "एप्रिलात आणा. मी स्वतः विचारीन."

हे घरी सांगितलं तेव्हा मुलीची आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "अक्का, तिकडं हिच्याशी मराठी कोण बोलंल हो? सुट्टीला येईल तेव्हा माझ्याशी काय कन्नडात बोलणार?" एवढं बोलून ती पुन्हा भाजी निवडायला लागली. मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "मी जाणार नाही. नकाशा आणा." तिचा आवाज असा, की नकाशा जणू वाण्याकडे मिळतो.

मिळत नव्हता. बोटांना कळेल असा नकाशा आमच्याकडे हातानेच करायला लागायचा. मी टोच्याने एकेक टिंब काढत बसले असते तर एप्रिल उलटून गेला असता. अण्णांनी युक्ती काढली. कापडावर खुणा उमटवायला शिंप्याकडे एक दाते असलेलं छोटं चाक असतं. इस्त्रीच्या घोंगड्यावर जाड खाकी कागद ठेवायचा, त्यावर चित्राचा पातळ कागद आणि रेघेवरून चाक फिरवायचं. खाकी कागदाच्या खालच्या अंगाला टिंबांची रेघ उठून येते. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही आधी कुठं होता!" ते म्हणाले, "इथंच की, अक्का."

आता इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. ब्रेल आम्ही कागदाच्या मागून टोचतो, उजवीकडून डावीकडे, उलटं. कागद पलटला की अक्षर सुलट. त्यामुळे मागून काही उमटवायचं म्हटलं की माझा हात आपोआप उलटा चालतो. मी ॲटलासमधला भारत पातळ कागदावर घेतला, तो कागद खिडकीच्या काचेवर पालथा धरून मागून गिरवला आणि उलटा भारत अण्णांच्या हातात दिला. शहरांना आकडे घातले. एक दिल्ली, दोन मुंबई, तीन मंगळूर, असे. उलटा काढलाय, हे सांगितलं नाही. एवढं काय सांगायचं, असं वाटलं असावं. वाटलं असावं म्हणतेय, पण खरं तर डोक्यातच आलं नाही.

अण्णांचा जन्म कापडाच्या उलट्या बाजूने खुणा करण्यात गेलेला. उलट्या बाजूने खूण करायची तर कागद पालथा घालायचा, हे त्यांच्याही हाताला पाठ. त्यांनी माझा उलटा भारत पालथा घातला आणि चाक फिरवलं. दोन जाणत्या माणसांनी एकच काळजी दोनदा घेतली. अरबी समुद्र उजवीकडे गेला. मग प्रत्येक आकड्याच्या जागी त्यांनी एकेक बटण शिवलं. दिल्लीला कोटाचं मोठं बटण, बाकीच्यांना शर्टाची. नद्यांना धावदोरा घातला.

काम इतकं देखणं होतं की मी नुसता हात फिरवला आणि म्हटलं, "वा!" नकाशाकडे नीट पाहिलं नाही. त्याच सुमारास मला मतदारयाद्यांच्या कामाला जुंपलं, आणि महिनाभर मी दारोदार लोकांची नावं विचारत हिंडत होते. नकाशा तिला अण्णांनीच पाठ करून दिला, शिवता शिवता. परत आल्यावर मी तोंडी विचारलं, "मंगळूर कुठल्या समुद्रावर?" "अरबी." "गोदावरी कुठं मिळते?" "बंगालच्या उपसागराला." सगळं बरोबर. डावं-उजवं विचारलं नाही.

एप्रिलात आम्ही तिघं हेडमिसच्या खोलीत. भिंतीवर त्यांचा मोठा नकाशा, टेबलावर आमचा. अण्णा दाराशी उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. बाई म्हणाल्या, "मंगळूर दाखव."

मुलीने सरसर बोटं फिरवली आणि ठामपणे बटणावर ठेवली. बाईंनी भिंतीकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं. "हे मद्रास आहे," त्या म्हणाल्या.

"नाही मिस, मंगळूरच," मुलगी म्हणाली.

"मुंबई?" तिने कलकत्त्याच्या जागी बोट ठेवलं.

तेव्हा मी पहिल्यांदा तो नकाशा डोळ्यांनी पाहिला. बाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे वळल्या. "असं शिकवता तुम्ही?"

माझी जीभ तिखट म्हणून पाच शाळांत प्रसिद्ध होती. त्या दिवशी ती ज्याच्यावर चालली, ते आठवलं की आजही मला माझी शरम वाटते. मी कन्नडात फाडकन म्हटलं, "मी बरोबरच दिला होता. यांनी उलटा केला. शिंपी आहेत, त्यांना काय कळणार नकाशातलं?"

अण्णांना कन्नड माझ्याइतकंच येत होतं. ते दोन पावलं पुढे आले, हात जोडले आणि म्हणाले, "चूक माझी, मेडम. टीचरनी बरोबर दिला होता."

मग मुलीने विचारलं, "सगळाच उलटा झालाय का? का थोडाच?"

"सगळाच," मी म्हटलं.

"मग सरी, ठीक आहे," ती म्हणाली, आणि तिने नकाशा पालथा घातला. मागच्या अंगाला चाकाचे बारीक खड्डे होते, नद्यांचा दोरा होता, आणि बटणांच्या जागी टाक्यांच्या गाठी. तिने दोन्ही हातांनी कडेकडेने सगळा देश एकदा चाचपून घेतला. घाई केली नाही. ओठ हलत होते. मग एका गाठीवर बोट ठेवलं. "मंगळूर." भिंतीवर होतं तिथंच. मुंबई, मद्रास, कलकत्ता, दिल्ली. बाई नद्यांवर गेल्या. तिने कृष्णा उगमापासून मुखापर्यंत दोऱ्यावरून चालवत नेली. बाईंनी आणखी सात-आठ प्रश्न विचारले. शेवटचे दोन तर नुसते हौसेने विचारले असणार.

"सरी," बाई शेवटी म्हणाल्या. "जूनमध्ये येऊ दे. पण एक अट. यापुढे नकाशे टीचरनी स्वतः करायचे. यांच्याकडे द्यायचे नाहीत."

अण्णांनी मान डोलावली. मीही डोलावली.

बाहेर आल्यावर मुलगी आईला सांगायला पुढे पळाली. गल्ली तिच्या पायाखालची होती. मी म्हटलं, "अण्णा, कागद मी आधीच उलटा काढला होता. तुम्हाला सांगितलंच नाही मी."

"कळलं मला तिथं उभ्या उभ्या," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"चूक शिंप्याची म्हटली तर शिंपी बदलतील, अक्का. टीचरची म्हटली तर तुमच्यावरचा विश्वास जाईल, आणि मग पोर कुणाच्या भरवशावर ठेवून घेतील त्या?" ते कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. चला, स्वल्प कॉफी घेऊ."

मी कॉफी प्याले. नाही कशी म्हणणार?

पुढची तीन वर्षं सगळे नकाशे अण्णांनीच केले. भूमितीच्या आकृत्याही, आणि विज्ञानातलं हृदय, कप्प्यांसकट. ते मला घरी आणून देत, मी पिशवीत घालून शाळेत नेई, आणि शाळेत ते माझे म्हणून जात. दर जूनला मी ठरवायचे, यंदा बाईंना सांगून टाकायचं. दर जूनला मुलगी एक यत्ता पुढे गेलेली असायची आणि वाटायचं, आता कशाला.

दहावीच्या मुलींच्या निरोप समारंभात हेडमिसनी स्टेजवरून माझं कौतुक केलं. टीचरच्या हाताने केलेले नकाशे म्हणजे आमच्या शाळेची शान, असं म्हणाल्या. मला उभं राहायला सांगितलं. मी उभी राहिले आणि सगळ्यांना नमस्कार केला. तिसऱ्या रांगेत अण्णा बायकोशेजारी बसले होते. ते मनापासून टाळ्या वाजवत होते, आणि वाजवता वाजवता बायकोलाही कोपराने ढोसत होते, वाजव म्हणून.