एका पार्सलमागे एक शब्द

“अर्थ कळला. आता हा शब्द आला कुठून, ते सांग!” असं दरडावून काका समोरच्या मुलाचं पार्सल स्वतःच्या छातीशी धरून ठेवायचे.

ब्रिटनमध्ये, कार्डिफमधल्या विद्यार्थी वसतिगृहात ते पार्सलची खिडकी सांभाळत. मी त्यांचा सुपरवायझर, नावापुरता. काका नागपूरचे, साठी ओलांडलेले, फोन उचलताना खणखणीत ‘जय भीम’ म्हणणारे. वसतिगृहातली निम्मी मुलं चीनची. ती मोबाइलवर एकमेकांना काय लिहितात ते आपल्याला कळलंच पाहिजे, असं काकांनी ठरवलं आणि कायदाच केला: एका पार्सलमागे एक शब्द.

तुम्हीही असा हट्टी माणूस पाहिला असेलच. २३३ म्हणजे खो खो हसणं, असं एका मुलाने सांगितलं. “पण दोनशे तेहेतीसच का?” मुलाने खांदे उडवले. पार्सल काकांकडेच. दुसऱ्या दिवशी तो शोधून आला: एका जुन्या वेबसाइटवर हसणाऱ्या चित्राचा तो नंबर होता. रांगेने टाळ्या वाजवल्या. रांग मात्र दारापर्यंत गेली होती, आणि तक्रारी माझ्याकडे आल्या.

“काका, हे आपलं काम आहे का?”

“अरे, दिवसभर ज्यांच्यात बसतो, त्यांचं बोलणं कळायला नको?”

एक शब्द त्यांच्या फार आवडीचा. ग्रुपमध्ये नुसतं वाचतो, काही लिहीत नाही, तो ‘पाण्याखाली’. बऱ्याच दिवसांनी त्याने काही लिहिलं की ‘बुडबुडा आला’. डुबकी मारलेल्याचा श्वास वर दिसतो ना, तिथून आलेला.

एकदा रोज येणारी एक मुलगी आठवडाभर खिडकीवर दिसली नाही. तिची तीन पार्सलं पडून होती. काकांनी मैत्रिणींना विचारलं. त्या हसल्या. “पाण्याखाली आहे, अंकल.”

काका हसले नाहीत. “शेवटचा बुडबुडा कधी आला?”

मुलींनी फोन चाळले. सहा दिवस झाले होते.

मी म्हणालो, “काका, ॲडल्ट आहे ती. प्रायव्हसीचा इश्यू होईल. वेल्फेअर टीमला ईमेल टाकतो.”

“तू ईमेल टाक. मी वर जातो.”

चौथ्या मजल्यावर दार उघडेना. काका तिथेच कॉरिडॉरमध्ये बसले आणि थोड्या थोड्या वेळाने दार वाजवत राहिले. तासाभराने ते उघडलं. मुलगी नापास झाली होती, घरी सांगायची हिंमत नव्हती, दोन दिवस पोटात अन्न नव्हतं. काकांनी तिला खाली आणलं, आपला डबा तिच्यापुढे सरकवला आणि मैत्रिणींना बोलावून घेतलं. माझ्या ईमेलला उत्तर तीन दिवसांनी, सोमवारी आलं. मला स्वतःची लाज वाटली. आजही वाटते.

ती मुलगी पुढे पास होऊन गेली. काकाही रिटायर होऊन नागपूरला परतले. खिडकीवर आता मशीन बसलंय. कोणी कोणाशी बोलत नाही, रांग झरझर सरकते, तक्रार एकही नाही.

आज एका मुलाची पार्सलं चार दिवसांपासून पडलेली दिसली. मी ईमेल पाठवला, मग त्यातलं एक खोकं उचललं आणि वर गेलो. दार वाजवलं. आतून काहीच आवाज नाही. मी खोकं खाली ठेवलं, भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसलो आणि पुन्हा दार वाजवलं.