वीस मोजेपर्यंत

माझी मावशी बावीस वर्षं नळांना निकेलचा मुलामा देते आहे. तिच्या घरी तेलकट कढई थेट मोरीत नेण्याची कुणाची टाप नाही. आधी रद्दीने पुसायची, मग धुवायची. कढया पुसता पुसता आपले केस पांढरे झाले, असं काका चिडवतात. ती ऐकून न ऐकल्यासारखं करते.

कारखान्यातही तिचं तेच. मुलाम्याच्या हिरव्या, विषारी पाण्यातून नळ टांगलेली चौकट वर काढली की ती टाकीवरच धरून ठेवते आणि वीस मोजते. थेंब टाकीत परत पडतात. मगच चौकट शेजारच्या धुण्याच्या टाकीत जाते, कारण तिथलं पाणी मोरीतून मागच्या ओढ्याला मिळतं. मध्ये एक गाळणी आहे, पण या विषापुढे तिची मात्रा चालत नाही. कारखान्यात मावशीचं नावच पडलंय 'वीस'.

नव्या सुपरवायझरच्या डोळ्यांत हे वीस खुपले. दोन दिवस तो घड्याळ घेऊन तिच्या मागे उभा राहिला. मग म्हणाला, चौकट काढली की लगेच बुडवा, नाहीतर सोमवारपासून पॅकिंगला जा. निम्मं आयुष्य त्या टाकीपाशी घालवलेल्या बाईला हे सांगायचं! मला ऐकूनच संताप आला. ती मात्र बरं म्हणाली आणि एक बादली मागून घेतली.

शनिवारभर तिने प्रत्येक चौकट टाकीऐवजी बादलीवर निथळवली. सुट्टी व्हायच्या आधी ती हिरवीगार बादली तिने सुपरवायझरच्या टेबलावर, त्याच्या कागदांवरच ठेवली.

"हे काय?"

"एका दिवसाचे थेंब. सोमवारपासून ओढ्यात जाणारेत. सुरुवात तुमच्या हातांनी करा, साहेब. मोरी तिकडे आहे."

सगळे हातातलं काम टाकून बघत होते. तोही हट्टाला पेटला, बादली उचलून मोरीपाशी गेला. तिथल्या खिडकीतून ओढा दिसतो. पलीकडे एक बाई त्याच पाण्यात पालेभाजीच्या जुड्या धूत होती. तो बादली घेऊन परत आला आणि त्याने ती मुलाम्याच्या टाकीत ओतली.

तो वळणार, तोच मावशी म्हणाली, "थांबा. अजून ठिबकतेय."

त्याने बादली पुन्हा टाकीवर उपडी धरली, आणि मावशीने पहिल्यांदाच मोठ्याने वीस मोजले.