काळ्या केळ्यांचे गुलगुले

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि इंदिराबाई शाळेच्या कोठीघरात केळी सोलत होत्या. सोलायचं म्हणजे नावाला. सालं इतकी काळी आणि मऊ पडली होती, की केळं दाबलं की गर आपणच परातीत उतरत होता. केळी अठरा होती. परीक्षकबाई आठला येणार होत्या.

नागरवाड्यातल्या त्या खासगी कन्याशाळेत १९१२ साली पाकशास्त्र हा विषय सुरू होऊन वर्ष झालं होतं आणि इंदिराबाई तो हंगामी म्हणून शिकवत होत्या. हंगामी म्हणजे काय, हे त्यांच्या दिरांनी, मानसिंगरावांनी, त्यांना नीट समजावलं होतं.

"वहिनीसाहेब, दादा रिसाल्यात होते. त्यांच्या माघारी तुम्ही परक्यांच्या पोरींना भात शिकवता, ते आम्ही वर्षभर पाहिलं. कायम झालात तर आमचं बोलणं संपलं. नाही झालात, तर परीक्षेच्या दिवशीच दुपारी तुम्हाला आणायला बैलांची दमणी पाठवतो. आपलं घर आहे, पडदा आहे, कशाला काही कमी नाही."

"ते खरंच, भाऊजी," इंदिराबाई म्हणाल्या होत्या. त्या घरात कशालाच कमी नव्हतं. खिडक्या तेवढ्या कमी होत्या.

कायम होण्यासाठी परीक्षकांसमोर एक पाठ द्यायचा होता. विषय पंधरा दिवस आधी कळला: वाया जाणाऱ्या जिनसेतून न्याहारीचा सोपा पदार्थ. इंदिराबाईंना विचार करावा लागला नाही. पागेजवळच्या शिपायांच्या लायनीत त्यांचं लहानपण गेलं. तिथे केळी काळी पडली की आई त्यात गूळ आणि कणीक कालवून गुलगुले तळायची. केळी काळी पडावीत म्हणून भावंडं ती मुद्दाम विसरल्यासारखं करायची.

अडचण कोठीवरच्या कारकुनाची होती. दिनकरराव सज्जन होते, आणि शाळेच्या समितीने केलेले नियम त्यांना स्तोत्रासारखे पाठ होते. इंदिराबाईंनी डझनभर पिवळी केळी मागवून फळीवर ठेवली. तिसऱ्या दिवशी सालीवर ठिपके आले आणि चौथ्या दिवशी फळी रिकामी.

"दिनकरराव, माझी केळी?"

"मातीत पुरली. नियम सात. डागाळलेलं फळ सूर्यास्तापूर्वी कोठीबाहेर."

"अहो, पण विषयच वाया जाणाऱ्या जिनसेचा आहे!"

"विषय परीक्षकांचा. कोठी समितीची."

"मग वाया जाणारी जिन्नस मी आणू कुठून?"

दिनकररावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "ताजी वापरा, बाई. वाया गेली आहेत असं मुलींना समजायला सांगा."

इंदिराबाईंनी तेही करून पाहिलं. ताज्या केळ्यांचा गर सरबरीत होईना, गूळ दुप्पट घालावा लागला आणि कढईतून जे निघालं ते पाहून चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, हे चावायचं की नुसतं धरायचं?"

मग त्या स्वतः गुजराती फळवाल्याकडे गेल्या. टोपलीच्या तळाशी हवी तशी केळी होती, पण फळवाल्याने टोपली मागे ओढली. "बेन, ए तो गायने नाखवानां छे. तमने केम अपाय?" गाईचा घास बाईला देणं त्याला पटेना. पटलं असतं तरी उपयोग नव्हता. बाहेरची जिन्नस कोठीत आणायची नाही, हा नियम नववा.

तेवढ्यात चतुर्थी आली. कोठीघरात पाच दिवसांचा गणपती बसवायची प्रथा दिनकररावांनीच पाडली होती. मखर त्यांचं, आरती त्यांची, आणि आरतीनंतर मुलींना दम देणंही त्यांचंच: "देवापुढची फळं उत्तरपूजेपर्यंत कुणी हलवायची नाहीत!"

इंदिराबाईंनी ते ऐकलं. पुढच्या आरतीला कोठीतूनच रीतसर मागवलेल्या केळ्यांच्या दोन टपोऱ्या फण्या घेऊन त्या आल्या आणि मूर्तीपुढे ठेवून त्यांनी मनोभावे नमस्कार केला. भाव खरा होता. हेतूही.

तिसऱ्या दिवशी ठिपके आले. चौथ्या दिवशी साल काळवंडलं आणि कोठीभर वास सुटला. इंदिराबाईंनी साळसूदपणे विचारलं, "दिनकरराव, नियम सात?"

"बाई, देवापुढे कसला नियम?" दिनकरराव दुखावले. मुंग्या येऊ नयेत म्हणून ते त्या वेळी केळ्यांभोवती हळदीची रेघ ओढत होते. ज्या माणसाने पंधरवड्यात डझनभर केळी पुरली, तोच आता चिलटं वारायला हातात पंखा घेऊन बसला होता.

पाचव्या दिवशी, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी, उत्तरपूजा झाली. दिनकररावांनी ती अठरा केळी दोन्ही हातांनी इंदिराबाईंच्या ओंजळीत दिली. "प्रसाद आहे. टाकता येणार नाही. पण याला वाया गेलेलं म्हणायचं नाही हं."

"वाया जाऊ दिलं नाही, असं म्हणेन."

ते त्यांना चाललं.

परीक्षक सुहासिनीबाई पुण्याहून शिकून आलेल्या होत्या. सोबत तागडी होती, वही होती. मुली भिंतीला ओळीने बसल्या. इंदिराबाईंनी गरात गूळ विरघळवला, वेलदोडा आणि मीठ घातलं आणि कणीक पेरायला सुरुवात केली.

"कणीक किती?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

"केळी मागतील तेवढी."

"केळी किती मागतात?"

"किती काळी आहेत त्यावर."

सुहासिनीबाईंनी पेन्सिल थांबवली. "काळेपणाला माप नाही. किती दिवसांची केळी, ते सांगा."

"पाच!" दारातून दिनकररावांचा आवाज आला. "चतुर्थीपासून. अखंड गणपतीपुढे होती."

पेन्सिल चालू लागली. इकडे पीठ बोटांवरून तेलात सुटलं, तळाशी गेलं, फुगून वर आलं आणि आपणच कुशीवर वळलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. सुहासिनीबाईंनी एक गुलगुला खाल्ला, मग तपासणीसाठी दुसरा, आणि तिसऱ्याला कारण दिलं नाही.

"पाठ उत्तम," त्या म्हणाल्या. "मी कायम करण्याची शिफारस करते. कृती अभ्यासक्रमात जाईल, तेव्हा ऐकून घ्या." आणि त्यांनी वाचलं: "केळी अठरा. प्रथम ती पाच दिवस गणपतीपुढे ठेवावीत. बरोबर आहे ना?"

इंदिराबाईंनी तोंड उघडलं. गणपतीचा संबंध नाही, दिवसांचा आहे. केळं फळीवरही पिकतं, फळी मोकळी सोडली तर. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मग दिनकरराव नियम सात म्हणाले असते, परीक्षकबाईंनी तो वाचला असता, आणि शिफारस अजून नुसती तोंडी होती.

"बरोबर आहे," इंदिराबाई म्हणाल्या.

"म्हणजे हा पाठ फक्त भाद्रपदात," दिनकररावांनी नोंद घेतली. गणपतीशिवाय गुलगुले होत नाहीत, याबद्दल आता दोन शिकलेल्या माणसांचं एकमत होतं. सगळ्या वर्गात एकट्या इंदिराबाईंना ते खोटं असल्याचं ठाऊक होतं, आणि यापुढे तेच शिकवायचा पगार त्यांना मिळणार होता.

दुपारी मानसिंगरावांची दमणी दारात उभी राहिली. इंदिराबाईंनी गाडीवानाकडे केळीच्या पानात बांधलेले आठ गुलगुले दिले. "भाऊजींना म्हणावं, कायम झाले."

गाडीवान मानसिंगरावांच्या शिस्तीतला होता. आत कुणी नसतानाही त्याने पडदे नीट ओढून घेतले आणि बैल वळवले.

इंदिराबाई वर्गात गेल्या आणि दुसऱ्या दिवसाचा पाठ त्यांनी फळ्यावर लिहिला: सकाळी अकरा, इयत्ता चौथी, मुली बावीस, साधं वरण. प्रत्येकीने वाटीभर तुरीची डाळ निवडून आणावी.